थोरलीचे धनी

आमच्या घरात मारामारी करणं वाईट समजत नसत. मार खाऊन घरी येणं वाईट समजत. तात्या, म्हणजे माझे वडील, कृष्णेवर नाव चालवायचे, आणि दिवसभर ज्याच्या हातात वल्हं असतं त्या माणसाला शब्द शोधत बसायची सवय लागत नाही. आई कुंडलची, शेतकऱ्याची लेक. तिची फुंकणी चुलीपेक्षा आमच्या पाठीवर जास्त चालायची. महादू माझा थोरला भाऊ. तो तालमीत जायचा, अंगानं भरलेला होता, पण घरात सगळ्यात कमी हात उचलणारा तोच, म्हणून आई त्याला ‘आमचं गरीब वासरू’ म्हणून चिडवायची. मी शालन, शेंडेफळ, आणि मी काही वासरू नव्हते. शाळेत एका पोरीनं माझ्या दप्तराला माशांचा वास येतो म्हणून नाक धरलं, तेव्हा मी तिच्या दंडाला असा चावा घेतला की मास्तरांना माझे केस धरून मला सोडवावं लागलं. तिची आई आमच्या दारात भांडायला आली आणि चोळीची बाही फाडून घेऊन परत गेली. आता उंब्रजला हायवेच्या कडेला, सुनेच्या राज्यात बसून मी नातवाला ‘बाळा, कुणावर हात उचलू नये’ असं सांगते, तेव्हा माझं मलाच हसू येतं.

थोरली म्हणजे आमची नाव. घाटावर दोन नावा असायच्या. धाकटी माणसांची आणि थोरली मालाची. थोरलीत बैलगाडी बैलांसकट उभी राहायची, वर पोती, वर माणसं. जुन्या सागाच्या फळ्या, उन्हानं आणि पाण्यानं काळ्या पडलेल्या. दर उन्हाळ्यात तिला काठावर ओढून पालथी घालायची, फळ्यांच्या सांधीत काथ्या ठोकायचा, वरून ऊन ऊन डांबर. त्या दिवसांत आमच्या भाकरीलासुद्धा डांबराचा वास यायचा आणि आम्ही तो आवडीनं खायचो. वल्हं ज्या खुंटीला अडकवायचे ती खुंटी करकरायची. तिच्या करकरण्यावरून आई घरात बसून सांगायची की तात्या रिकामे येताहेत की भरून, आणि त्या अंदाजानं तवा चुलीवर ठेवायची. तात्यांनी डोहातून मरळ मासळी आणली असली तर त्या दिवशी कालवण व्हायचं, लाल, तिखटजाळ, आणि डोकं कुणाला यावरून महादूची आणि माझी ठरलेली जुंपायची.

आम्ही थोरलीला आमची म्हणायचो, पण मालकी आमची कधीच नव्हती. तिचे धनी बदलत गेले. नाव विकली की तिच्याबरोबर नावाडीही जायचा, गाडीबरोबर जू जातं तसा. कुणी तात्यांना विचारायचंही नाही. तात्यांनाही त्यात काही वावगं वाटायचं नाही. ‘नाव ज्याची, वल्हं बी त्याचं,’ असं ते म्हणायचे. याचा अर्थ फक्त नाव चालवायची एवढाच नव्हता. धन्याचं भांडण ते आपलं भांडण, धन्याचा वैरी तो आपला वैरी. त्यामुळे थोरलीचा धनी बदलला की आमच्या घरचे वैरी बदलायचे, आणि काल ज्याच्या घरी मी गौरीच्या फेराला गेले होते त्या घरापुढून आज थुंकून जायची पाळी यायची.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं ते तिच्यावाचून कळायचं नाही. नावाड्याच्या पोराला पोहायच्याही आधी एक शिस्त लावली जाते. भरल्या नावेच्या काठाला पाण्यातून कुणी हात घातला, तर आधी त्या हातावर वल्हं मारायचं आणि मग तोंड बघायचं. बुडणारा माणूस काठाला लोंबकळतो, नाव कलते आणि एकाच्या पायी वीस माणसं पाण्यात जातात. हात सुटला की त्याला केसांना धरून मागच्या टोकाकडून वर घ्यायचं. बाहेरच्याला हे राक्षसी वाटेल, पण पुराच्या पाण्यात हीच दया असते. तात्यांनी आम्हा दोघांनाही हे शिकवलं ते बोटांवर काठी मारूनच. मला एकदाच मारावी लागली. महादूला दोनदा, कारण दुसऱ्यांदा तो मुद्दाम, मला हसवायला, काठाला लोंबकळला होता.

माझ्या लहानपणी थोरलीचा धनी गाव होतं. तात्यांना सुगीला प्रत्येक खळ्यावरून जोंधळ्याची पाटी मिळायची, गुऱ्हाळावरून गुळाचा खडा आणि काकवीची कळशी. पल्याडच्या गावाचीही माणसं देत, कारण तीही याच नावेत बसत. त्या वेळी आमचे वैरी म्हणजे खालच्या अंगाच्या घाटावरचे नावाडी, आमची गिऱ्हाइकं पळवणारे. तात्यांनी त्यांच्यातल्या एकाचा खांदा वल्ह्यानं निखळवला होता. त्याचा भाऊ बदला घ्यायला आला तो भर पाण्यातच. दोन नावा एकमेकींना भिडल्या, आत बसलेल्या बायका किंचाळायला लागल्या, कोंबड्यांची पाटी पाण्यात गेली, आणि तात्या रक्ताळलेल्या तोंडानं घरी आले ते हसतच. आईनं हळद लावली आणि विचारलं, ‘त्येचं काय केलं?’ तात्या म्हणाले, ‘दोन दात पान्यात टाकलं.’ मग आईनं जेवायला वाढलं.

मग पूल झाला. पूल झाला तेव्हा गावानं गुलाल उधळला, आणि आमच्या घरात चूल पेटली नाही. आता तर त्या पुलावरून जाताना नातू मोबाइलमधून मान वर काढत नाही, आणि मी खाली बघत नाही. गावानं थोरली विकली ती दस्तगीरचाचांना. ते गुळाचे आणि हळदीचे व्यापारी होते, बागवान गल्लीतले, दाढीला मेंदी, बोलणं मऊ. पल्याडच्या मळ्यांतला माल पुलापर्यंत गाडीवाटेनं न्यायचा तर पावसाळ्यात चिखलात चाकं रुतायची. म्हणून चाचा तो नावेनं थेट आमच्या घाटावर आणायचे आणि तिथून ट्रकमध्ये भरून सांगलीच्या पेठेत धाडायचे. ती वर्षं आमच्या घराची सगळ्यात गोड. थोरलीच्या फळ्यांना गुळाचा वास लागला होता, मुंग्यांची रांग घाटापर्यंत यायची. तात्यांच्या सदऱ्याचा पिवळा रंग आईच्या हातून कधी निघाला नाही. ईदला चाचांच्या घरून शीरखुर्म्याचा डबा यायचा, आणि आई तो डबा परत पाठवताना त्यात पुरणपोळ्या घालायची. ‘एका जल्मात बाईनं दुसरा धनी केला तर गाव तोंडात शेन घालतंय,’ आई म्हणायची, ‘आनी आमच्या थोरलीला बगा, नव्या धन्याकडं जाऊन अंगावर हळद चढली.’

पण गोड वर्षांतही वल्हं रिकामं बसलं नाही. दुसऱ्या एका व्यापाऱ्याचे हमाल घाटावर आमचा माल उतरू देईनात. एकदा त्यांनी गुळाच्या ढेपा पाण्यात ढकलल्या. चाचा हात जोडून उभे, ‘जाऊ द्या, तात्या, लडाई नको.’ तात्यांनी धन्याचं बोलणं फक्त तेवढ्याच वेळी ऐकलं नाही. एका हमालाला त्यांनी ढेपेनंच हाणला. त्याचं कपाळ फुटलं, गूळ आणि रक्त एक होऊन त्याच्या गळ्यावर उतरलं, आणि त्यावर माश्या बसल्या. मी घाटावर धुणं धूत होते. मला भीती वाटली नाही, अभिमान वाटला. हे लिहितानासुद्धा मला खोटं लिहवत नाही.

पुढे मळ्यांपर्यंत पक्का रस्ता गेला, ट्रक थेट बांधावर जायला लागले आणि दस्तगीरचाचांना नावेची गरज उरली नाही. थोरली रंगा पैलवानानं घेतली. रंगा एके काळी चांगल्या कुस्त्या मारलेला गडी, कान चपटे झालेले, मान खांद्यात रुतलेली. गुडघा गेल्यावर त्यानं कुस्ती सोडली आणि वाळूचा धंदा धरला. त्यानं पहिल्याच दिवशी थोरलीच्या आतल्या बसायच्या फळ्या उपटून काढल्या आणि तिला पोकळ केली. नदीच्या मधोमध नांगर टाकायचा, गड्यांनी बुड्या मारून पाट्या भरायच्या, वर ओतायच्या, आणि काठ पाण्याला टेकेपर्यंत भरलेली नाव ओढत काठाला आणायची. तात्यांनी उपटलेल्या फळ्या घरी आणल्या. आईला वाटलं जळणाला आणल्या. तिनं एक चुलीत घातली, तर तात्यांनी तिच्या कानाखाली वाजवली, आणि तिनं जळती फळी बाहेर ओढून त्यांच्यावर उगारली. त्या दिवशी दोघांच्या मध्ये पडायला महादू आला नसता तर काय झालं असतं कुणास ठाऊक.

वाळू निघाली तसा नदीचा काठ खचायला लागला. पल्याडच्या गावाची जमीन आमच्यापेक्षा सखल. पहिल्यांदा त्यांच्या विहिरींचं पाणी खाली गेलं, मग एका पावसाळ्यात उसाच्या उभ्या सरीच्या सरी पाण्यात कोसळल्या. ती माणसं रंगाकडे आली, रंगानं त्यांना पट्ट्यानं मारून परत पाठवलं. मग ती आमच्याकडे आली. त्यात ज्यांच्या खळ्यावरचे जोंधळे खाऊन आम्ही वाढलो ते म्हातारे होते. एक म्हातारा तात्यांना म्हणाला, ‘तात्या, तू आमचा मानूस. तू वल्हं खाली ठेव. तुज्याबिगर त्या डोहात नाव धराय दुसरा गडी न्हाई त्येच्याकडं.’ तात्या म्हणाले, ‘नाव पैलवानाची हाय. मी कोन ठेवनार?’ आणि दुसऱ्या दिवशी त्याच म्हाताऱ्याच्या नातवानं नांगराचा दोर कापायचा प्रयत्न केला, तर तात्यांनी त्याला पाण्यात इतका वेळ दाबून धरला की वर काढल्यावर त्याच्या नाकातून रक्त आलं.

त्या दिवशी घरात महादू पहिल्यांदा तात्यांवर ओरडला. ‘तात्या, ही आपली मानसं हायती. ह्येंच्या दान्यावर वाढलो आपन. आनी तुमी त्या रेड्यासाठी पोरं बुडवताय?’

‘धनी हाय त्यो.’

‘धनी, धनी! उद्या त्यो म्हनला शालीला बुडवा, तर बुडवशीला?’

तात्या उठले, पण त्यांनी हात उचलला नाही. दारात जाऊन पाठमोरे उभे राहिले आणि म्हणाले, ‘म्हनून तर तुला तिकडं धाडतोय. तुला एकच धनी. त्यो कुनी इकत न्हाई, कुनी घेत न्हाई. माज्यासारकं तुला रोज नवं वैरी नगं.’

तिकडं म्हणजे फौजेत. महादू कोल्हापूरच्या भरतीत उतरला होता. पळण्यात, छातीत, डोळ्यांत, सगळ्यात पास. हजर व्हायचं बोलावणंही आलं होतं. आमच्या आळीतलं फौजेत जाणारं ते पहिलं पोर. तात्या त्या दिवसापासून वेगळेच झाले होते. घाटावर भेटेल त्याला सांगत, शिराळ्याला नागपंचमीच्या गर्दीत अनोळखी माणसांनासुद्धा सांगून आले. महादू झोपला की त्याच्या बुटांना तेल लावत बसायचे, आणि बुटांना तेल नसतं लावायचं, पॉलिश असतं, हे त्यांना सांगायची आमची छाती नव्हती. आईनं शेंगदाण्याचे लाडू करून डबा भरला होता, खर्डा वाळवून घेतला होता. परवा महादू निघणार, एवढंच आमच्या घरात सगळ्यांच्या डोक्यात होतं.

त्या सकाळी मी घाटावर धुण्याला गेले होते. ऊन चांगलं वर आलं होतं. थोरली मधल्या डोहावर नांगरलेली, जवळपास भरलेली, तात्या मागच्या टोकाला उभे आणि दोघं-तिघं गडी बुड्या मारत होते. आमच्या काठावर रंगा आणि त्याची तालमीतली चार-पाच पोरं ट्रकपाशी. एवढ्यात पल्याडच्या काठावर माणसं दिसायला लागली. आधी मला वाटलं कुणाचं मयत आलं. पण माणसं वाढतच गेली, आणि त्यांनी खांद्यांवरून काहिली आणल्या होत्या. काहील म्हणजे गुऱ्हाळावर रस आटवायची भली मोठी कढई. आमच्याकडे नाव नसली की लोक तिच्यात बसून नदी ओलांडतात. एकामागून एक काहिली पाण्यात पडल्या, एकेकीत तीन-तीन, चार-चार माणसं, हातात उसाचे कोयते, कुऱ्हाडी, गोफणी. बुड्या मारणारे गडी ते बघून आमच्या काठाकडे पोहत सुटले. नावेत तात्या एकटे उरले.

रंगा काठावरून ओरडला, ‘तात्या, हलायचं न्हाई! नाव सोडलीसा तर गाठ माज्याशी हाय!’ स्वतः मात्र गुडघाभर पाण्याच्या पुढे गेला नाही.

तात्यांनी नांगर उचलला असता तर त्यांना सहज निघून येता आलं असतं. त्यांनी वल्हं उचललं. पहिली काहील जवळ आली तशी त्यांनी तिच्या काठावर असा तडाखा दिला की ती भिंगरीसारखी फिरली आणि पालथी झाली. दुसरीतल्या माणसाचा कोयता त्यांनी वल्ह्यावर झेलला आणि त्याच वल्ह्याचं टोक त्याच्या छातीत घातलं. पाण्यातून कुणी काठ धरला की वल्हं खाली, कुणी धरला की वल्हं खाली. हाडांचा आवाज मला घाटावर ऐकू येत होता. मग गोफणीचे दगड सुरू झाले. एक दगड तात्यांच्या कपाळावर बसला. ते गुडघ्यांवर आले आणि परत उठले, पण तोंड सगळं लाल झालं होतं आणि ते डोळे पुसायला हात वर करत होते नि वल्हं सोडत नव्हते. मी किंचाळले. काय किंचाळले ते आठवत नाही. रंगाचं एक पोर मला मागे ओढायला लागलं, तर मी त्याच्या मनगटाला चावले.

माझं किंचाळणं ऐकूनच महादू घरातून पळत आला. अंगावर नुसती चड्डी. त्यानं काठावरूनच सूर मारला. तो पाण्याखालून गेला, दगड लागू नयेत म्हणून. तात्यांचं तोंड पल्याडच्या काठाकडे होतं. महादू त्यांच्या पाठीमागून, आमच्या अंगाला वर आला. त्याला तात्यांना नावेतून खाली ओढायचं होतं, एवढंच. आई तोवर घाटावर आली होती. आम्ही दोघींनी ते एकदमच पाहिलं. महादूनं उजवा हात वर केला आणि थोरलीचा काठ धरला. आई ओरडली, ‘आवं, म्हाद्या हाय!’ पण त्या गलक्यात तिचा आवाज कुठे पोचणार. नाव किंचित कलली. तात्यांच्या पायाला ते कळलं. ते वळले, रक्तानं डोळे मिटलेले, आणि त्यांनी दोन्ही हातांनी वल्हं उचलून त्या हातावर घातलं.

मग शिस्तीप्रमाणे त्यांनी खाली वाकून केस धरले आणि तोंड बघितलं.

तात्या माणसासारखे ओरडले नाहीत. कसायाकडे ओढलेलं जनावर ओरडतं तसा तो आवाज होता, आणि त्या आवाजानं काहिलीतली माणसंसुद्धा थांबली. ज्यांच्यावर त्यांनी आत्ता वल्हं चालवलं होतं त्यांच्यातल्याच दोघांनी महादूला पाण्यातून काहिलीत घेतलं आणि आमच्या घाटावर आणून टाकलं. रंगाची पोरं त्यांना मारायला धावली, तर आई मध्ये उभी राहिली. तिच्या हातात धुण्याचं धोपाटणं होतं. पहिला जो पुढे आला त्याचं नाक तिनं फोडलं. मग कुणी पुढे आलं नाही.

सांगलीच्या दवाखान्यात महादूची दोन बोटं काढावी लागली, तर्जनी आणि मधलं. बाकीची वाकडी जुळली. महादू गुंगीतून बाहेर आला तेव्हा त्यानं हाताकडे बघितलं आणि मला म्हणाला, ‘बंदुकीचंच बोट गेलं की गं, शाले.’ पुढे तो बँडेजसकट कोल्हापूरलाही जाऊन आला. तिथल्या डॉक्टरनं हात बघितला, पाठीवर थाप मारली आणि घरी जा म्हणून सांगितलं. आज तो साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरून निवृत्त झालाय, नातवंडं आहेत. पण बसस्टँडवर हिरव्या कपड्यातला पोरगा दिसला की तो अजूनही बोलता बोलता थांबतो.

दवाखान्यात त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी रंगा आला. मोसंबी घेऊन आला होता. त्यानं तात्यांना व्हरांड्यात घेतलं आणि मी खांबाआडून नाही, चांगली तोंडापुढे उभी राहून ऐकलं, कारण मला कोण हाकलणार होतं? रंगा म्हणाला, ‘तात्या, झालं त्ये झालं. फौजदार येतोय जबाब घ्याय. त्या म्हाताऱ्याच्या नातवानं कुऱ्हाडीच्या मागच्या तुंब्यानं पोराचा हात ठेचला म्हनून सांगा. फौजंत निवडलेलं पोर हाय, सगळं पल्याडचं गाव आत जातंय बगा. पुना कुनी आडवं यायचं न्हाई. आनी थोरली तुमची. कागद करून देतो. तुमी मालक, म्हाद्या मालक. मला निस्ती वाळू भरून द्या.’

तात्यांच्या डोक्याला पट्टी होती, एक डोळा सुजून बंद झाला होता. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. आयुष्यभर दुसऱ्याच्या नावेत उभा राहिलेला माणूस, आणि पोराच्या जन्माचं नुकसान डोळ्यांपुढे. ते हो म्हणाले असते तर मी त्यांना दोष दिला नसता. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला वाटत होतं, म्हणा हो. माझ्या भावाचा हात गेला होता आणि कुणाचं तरी घर जळायला हवं, असंच मला वाटत होतं.

फौजदार आला. रंगा शेजारीच उभा. तात्या म्हणाले, ‘साहेब, माजं डोस्कं पल्याडच्या लोकांनी फोडलं, त्ये त्येंच्या अंगावर लिवा. मी त्येंच्या चार-पाच जनांची हाडं मोडली, ती माज्या अंगावर लिवा. आनी पोराचा हात मी मोडला. ह्या हातानं. त्ये बी माज्याच अंगावर लिवा.’ मग म्हणाले, ‘आनी वाळू कुनाची हाय त्ये इचारा की.’

रंगानं फौजदारापुढे काही केलं नाही. चार दिवसांनी, भर दुपारी, घाटावर केलं. त्याच्या पोरांनी जामिनावर सुटून आलेल्या तात्यांना वाळूच्या ढिगावर पाडून काठ्यांनी झोडपलं, तोंडात वाळू कोंबली. गावातली माणसं देवळाच्या पायऱ्यांवर उभी राहून बघत होती. तात्यांचं वल्हं हाताशी पडलं होतं. त्यांनी ते उचललं नाही. कुणावर हात न उचलता मार खाऊन घरी आलेले तात्या मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले, आणि मला त्यांचा इतका राग आला की मी त्यांना पाणीसुद्धा दिलं नाही. आईनं दिलं. थोरली पुढे वाळूचोरीच्या गुन्ह्यात सरकारनं ताब्यात घेतली आणि काठावरच डिझेल ओतून पेटवली. दस्तगीरचाचा त्या दिवशी घाटावर आले होते. घरी येऊन ते आईला म्हणाले, ‘बहेन, जलतानाबी गुळाचा वास आला.’ आईनं त्यांना चहा केला.

महादू दवाखान्यातून आल्यापासून तात्या त्याच्या समोर जेवत नव्हते, त्याच्याशी बोलत नव्हते, तो आत आला की हे बाहेर. चार माणसांच्या घरात फक्त भांडी बोलायची. शेवटी एका संध्याकाळी, दिवे लागायच्या वेळेला, आई भाकरी थापत होती, महादू भिंतीला टेकून ताटापुढे बसला होता आणि तात्या बाहेरून आले. हातात ते वल्हं. ते त्यांनी महादूच्या डाव्या अंगाला ठेवलं. मग पाटा ओढला, त्याच्यावर आपला उजवा हात पालथा ठेवला, बोटं पसरली आणि तोंड दुसरीकडे केलं.

‘मार,’ तात्या म्हणाले.

आईचा हात पिठात तसाच राहिला. तव्यावरची भाकरी करपायला लागली, तिचा वास घरभर झाला, तरी कुणी हललं नाही. आमच्या घराची रीत मला ठाऊक होती. फेडायचं ते असंच. महादू मारणार, असंच मला वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, त्यानं मारावं असंही वाटलं. महादूनं डाव्या हातानं वल्हं उचललं. ते त्याला नीट पेलेना. त्यानं ते कसंबसं उभं धरलं, तात्यांच्या हाताकडे बघितलं. मग ते आपल्या मागे, भिंतीला लावून ठेवलं.

‘तात्या,’ तो म्हणाला, ‘मला डाव्या हातानं भाकरी मोडंना. तेवढी कुस्करून द्या.’

तात्यांनी पाट्यावरचा हात उचलला. ताट जवळ घेतलं. भाकरी मोडली, कालवणात कुस्करली आणि एक घास करून महादूच्या तोंडाशी नेला. तो हात आम्हाला सगळ्यांना ठाऊक होता, नदीच्या पुरातसुद्धा न डगमगणारा, आणि आता घास ताटात सांडत होता. दुसरा घास केला, तिसरा केला. त्यांच्या नाकाच्या शेंड्यावरून थेंब ताटात पडत होते आणि ते पुसत नव्हते, कारण एका हातात ताट होतं आणि दुसऱ्यात पोराचा घास.

आईनं करपलेली भाकरी तव्यावरून काढून बाजूला टाकली, नवी थापायला घेतली आणि मान वर न करता म्हणाली, ‘आवं, मीठ घातलंय मी कालवनात. किती खारट कराल?’

महादू तोंडात घास असतानाच हसला, आणि तात्यांनी पुढचा घास केला.